घटात हरभरा उभा, ज्वारी आडवी

"मॅडम, मातीत करणी असली तर तुमच्या मशीनीत दिसती का?"

मी पीएच मीटरचा इलेक्ट्रोड धूत होते. वर पाहिलं तर दारात तिशीचा एक माणूस उभा. हातात हेल्मेट, आत यावं की न यावं अशा बेतात. मी म्हटलं, "आधी आत या. बसा. नाव काय?"

"अंकुश. लिंबागणेशच्या पल्याड वस्ती हाय आमची."

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत विश्लेषक आहे. शेतकरी पिशवीत माती आणतात. मी ती वाळवते, चाळते आणि तिच्यात काय आहे, काय कमी आहे ते कागदावर लिहून देते. सामू, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश. एकवीस वर्षं हेच चाललंय. एवढ्या वर्षांत लोकांनी मला मातीवरून बोअरला पाणी लागेल का हेही विचारलंय. करणीचा रकाना मात्र आमच्या रिपोर्टात नाही, आणि मी तसं अंकुशला सांगणारच होते. तेवढ्यात त्यानं मोबाइल पुढं केला.

नवरात्र चालू होतं, सहावी माळ. फोटोत त्याच्या घरचा घट होता. आमच्याकडं घट बसवताना शेतातली काळी माती आणतात, परडीत पसरतात, मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवतात आणि भोवती धान्य पेरतात. रोज एक माळ चढते आणि धान्य उगवत जातं. सहाव्या दिवशी परडी कशी हिरवीगार असायला हवी. ही परडी रोगट दिसत होती. मधेच हिरवं, मधेच पिवळं, काही ठिकाणी लालसर होऊन बसलेलं.

"आई म्हणती, देवी कोपली," अंकुश म्हणाला. "मनीषानं विटाळ कालवला म्हणती. मनीषा म्हंजी माझी बायको. ती म्हणती, म्या परडीला हातसुदीक लावला न्हाई. आता आई म्हणायलीय, हिनं यंदा चाड्यावर मूठ धरायची न्हाई."

चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी नरसाळं. बैल तिफण ओढतात आणि मागं चालणारी व्यक्ती मुठीतून दाणे चाड्यात सोडत जाते. मूठ सैल सुटली तर बी दाट पडतं, आवळली तर ओळीत खाडे पडतात. आजकाल बहुतेक जण ट्रॅक्टरनं पेरतात, पण अंकुशच्या घरी बैलजोडी होती आणि मनीषाच्या मुठीची वस्तीवर ख्याती होती. दुसऱ्यांच्या पेरणीलासुद्धा तिला बोलावणं यायचं.

"आन आता गावभर बोभाटा झालाय," अंकुश खालच्या आवाजात म्हणाला. "काल एकानं तिला येऊ नको म्हणून निरोप धाडला."

मला राग आला. बाईच्या विटाळावर खापर फोडणं मी माझ्या माहेरीही पाहिलंय. पण फोटो मोठा करून पाहिला आणि राग जागच्या जागी थांबला.

"यात काय काय पेरलंय?"

"ज्वारी, गहू, हरबरा, मूग, मटकी."

मी पुन्हा पाहिलं. हरभऱ्याची रोपं जरा बुटकी, पण हिरवी आणि ताठ. मूग, मटकी बरी. गहू पिवळा. आणि ज्वारी, जी मातीला ओल दाखवली तरी उगवते, ती पानाची सुरळीही न उलगडता तिथंच बसलेली. देखावा असा की कुणीतरी निवडून निवडून तृणधान्यावर हात फिरवलाय आणि कडधान्याला सोडून दिलंय.

माझे हात शिवशिवायला लागले. देवी कोपली असती तर सगळ्यांवर कोपली असती. विटाळाला हरभरा आणि ज्वारी यातला फरक कळत नाही. हा फरक कळणारी एकच गोष्ट मला माहीत होती.

"अंकुश, ही माती ज्या रानातली आहे, तिथं खरिपाला काय होतं?"

"सोयाबीन. आत्ताच काढलं."

"तणनाशक मारलं होतं?"

"मारलं की. पेरल्यावर ईस-बावीस दिवसांनी." त्यानं औषधाचं नाव सांगितलं. त्यात इमॅझेथापायर नावाचा घटक असतो.

आता हे जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. हे तणनाशक वनस्पतीच्या वाढीसाठी लागणारे काही घटक तयार होण्याची वाट बंद करतं. झाड उगवतं, बियातली शिदोरी असेपर्यंत वाढतं आणि मग थांबतं. सोयाबीनसारखी शेंगवर्गीय पिकं हे औषध स्वतःच्या अंगात पटकन मोडून टाकतात, म्हणून ती वाचतात. ज्वारीला ते जमत नाही. फवारलेलं औषध मातीवर पडतं. तिथं त्याला संपवण्याचं काम मुख्यतः मातीतले सूक्ष्मजीव करतात. पण त्यांना ओल आणि ऊब लागते. पावसानं ओढ दिली की ते सुस्तावतात आणि औषध जिथल्या तिथं राहतं. यंदा आमच्याकडं फवारणीनंतर पावसानं चांगलाच खंड पाडला होता. सोयाबीन निघालं, औषध राहिलं आणि आता त्याच रानात रब्बी ज्वारी पेरायची होती. शिवाय घरच्या बाईनं त्यातलीच माती आणून देवापुढं ज्वारी पेरून दाखवली होती. प्रयोगशाळेच्या भाषेत याला जैव चाचणी म्हणतात. माझ्यासाठी कुणीतरी ती आधीच करून ठेवली होती.

मी फोटो घेऊन ढाकणे साहेबांकडं गेले. ते आमचे प्रमुख. कागदाशिवाय पाऊल न टाकणारे गृहस्थ.

"साहेब, हे बघा. ज्वारी मेलीय, हरभरा जिवंत."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला. "आपल्याकडं तणनाशकाचा अवशेष तपासायची सोय नाही. विद्यापीठात पाठवा म्हणून लिहून द्या."

"रिपोर्ट येईपर्यंत पेरणी होऊन जाईल. दिवाळी झाली की ही माणसं ऊसतोडीला जाणार."

"मग तुम्ही काय करणार?"

"जाऊन बघते."

"रजा टाका," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

सातव्या माळेला मी स्कूटी घेऊन वस्तीवर गेले. अंकुशची आई सुभद्राबाई ओसरीवर बसल्या होत्या. नऊ दिवसांचा उपवास, समोर बिनदुधाचा चहा. उंच, सडसडीत बाई. नवरा गेल्यापासून तीन एकराचा कारभार त्यांनी एकटीनं ओढलेला. मनीषा चुलीपुढं होती. तिनं मला पाणी दिलं, पण मान वर केली नाही.

"घटाला हात लावायचा न्हाई," सुभद्राबाईंनी आधीच बजावलं. "दसऱ्याबिगर हलत न्हाई त्यो."

"नाही लावत. नुसतं बघते."

मी हात पाठीमागं बांधले आणि परडीपुढं ओणवी झाले. पर्समधलं भिंग तोंडात धरलं असतं तरी चाललं असतं, एवढी मी उतावीळ झाले होते. शेवटी अंकुशनं भिंग धरलं. ज्वारीची कोवळी पानं कडेनं जांभळट झाली होती. परडीच्या कडेला एक रोप मातीतून निम्मं उघडं पडलं होतं. त्याची मुळं आखूड, जाड, दात घासायच्या ब्रशसारखी. पुस्तकात असतं अगदी तसंच लक्षण. आनंदानं माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या घरात दुखणं दिसल्यावर आनंद होणं बरं नाही, पण झाला.

मी ओसरीवर आले आणि तिथंच निकाल देऊन टाकला. "मावशी, यात तुमच्या सुनेचा काही दोष नाही. देवीचाही कोप नाही. रानात तणनाशक राहिलंय. यंदा ज्वारी पेरू नका. पेरलीत तर अशीच बसेल. सगळा हरभरा करा."

मला वाटलं, आता या सुटल्या म्हणतील. सुभद्राबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"आन खायचं काय? हरबऱ्याच्या भाकरी थापू? ह्ये दोघं कोयता घेऊन जातेत. मागं मी ऱ्हाते, दोन बैल आन एक गाय. त्यानला कडबा कुठून आणू?"

"पण ज्वारी येणारच नाही, मावशी."

"मी सून म्हणून आले तवापून ह्याच रानात ज्वारी पिकतीय. आन तू सात मिंटांत रान नासलं म्हणतीस. रान नासलं, देवी न्हाई कोपली, सून चांगली. मंग आमचंच समदं वाईट का?"

अंकुश बैलांकडं गेला. मी चप्पल घातली.

मनीषा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. घर नजरेआड झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "मॅडम, एक इचारू का? तुमी म्हणालात सगळ्या रानात इख हाय. पर आत्यानी माती लिंबाखालची आणलीय. हिरीजवळच्या. दरसाल तिथलीच आणतेत, तिथं नांगर लागत न्हाई म्हणून. आन फवारायचे पंप आमी तिथंच भरतो, तिथंच धुतो. मंग तिथली माती म्हंजी सगळं रान झालं का?"

मी स्कूटीची किल्ली हातात घेऊन उभी राहिले.

माती परीक्षणाचं प्रत्येक शिबिर मी एकाच सूचनेनं सुरू करते. नमुना घेताना झाडाखालची माती घेऊ नका. विहिरीजवळची घेऊ नका. बांधालगतची घेऊ नका. रानात नागमोडी चाला, आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा. हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. आणि आज मी विहिरीजवळच्या, झाडाखालच्या, पंप धुतल्या जाणाऱ्या एका जागेच्या मातीवरून तीन एकरांचा निकाल देऊन आले होते. माती कुठली हे विचारलंसुद्धा नव्हतं.

"हे तू घरात का बोलली नाहीस?"

"माझं कोण ऐकतंय सध्या?" ती सहज म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात.

चूक कबूल करायला मला एरवी दोन दिवस लागतात. त्या दिवशी मी तिथूनच माघारी वळले. सुभद्राबाई ओसरीवरच होत्या.

"मावशी, माझं चुकलं. ती माती लिंबाखालची आहे. तिथं पंप धुतात. तिथं औषध आहे हे नक्की, पण बाकी रानात आहे की नाही, मला माहीत नाही."

सुभद्राबाईंनी कपबशी बाजूला सारली. "मंग आत्ता छातीठोक सांगत व्हतीस त्ये?"

"घाई केली."

"सरकारी मानूस आन घाई," त्या म्हणाल्या. पण आवाज मघापेक्षा उतरला होता. चूक कबूल केल्याचा फायदा होतो कधीकधी. "मंग आता कसं कळायचं?"

मी सांगितलं. रानातून सहा वेगवेगळ्या ठिकाणची माती घ्यायची. लिंबाखालची घ्यायची. आणि शेजारच्या रानातली घ्यायची, तिथं यंदा तूर होती आणि नुसती खुरपणी झाली होती, फवारा लागलेला नव्हता. ही शेवटची म्हणजे आमच्या भाषेत कंट्रोल. जिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ती निर्धोक माती. सगळ्यांत ज्वारी लावायची आणि बघायचं.

"घट घालायचा? मधीच? तसं चालत न्हाई."

"घट नाही. कागदी ग्लास. ज्वारी तुमच्याच बियाण्यातली. मी प्रयोगशाळेत ठेवते."

"ठिवायचे तर हितं. माझ्या डोळ्यापुढं. तुझ्या तिकडं काय बदललं तर मला काय म्हाईत?" मग त्यांनी चुलीकडं पाहिलं आणि आवाज चढवला. "आन बी मीच लावणार, पाणी मीच घालणार. हिनं बोट लावायचं न्हाई. मंग कळंल कुणामुळं झालं त्ये."

खरं म्हणजे उठून त्या बाईंना मिठी मारायचीच बाकी होती. माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते त्यांनी रागाच्या भरात मांडून ठेवलं होतं. तणनाशकाची परीक्षा तर होणारच होती, पण हाताचीही होऊ शकत होती.

"कबूल," मी म्हणाले. "पण मग दोन ग्लास मनीषाला द्या. एकात लिंबाखालची माती, एकात शेजारची. तिच्या हातात दोष असेल तर तिचे दोन्ही ग्लास मरतील. दोष मातीत असेल तर लिंबाखालचा मरेल, मग तो कुणीही पेरलेला असो."

सुभद्राबाई हुशार बाई. त्यांनी मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. "किती दिस?"

"नऊ."

"नऊ तर नऊ. घटाचं बी तेवढंच असतंय."

दुसऱ्या दिवशी, आठव्या माळेला, मी आणि अंकुशनं माती गोळा केली. सहा जागा, या वेळी शहाण्यासारख्या निवडलेल्या. लिंबाच्या बाजूनं दोन, मधून दोन, वरच्या बांधाकडच्या अंगानं पण बांधापासून लांब दोन. दहा ग्लास भरले. त्यावर मी फक्त आकडे घातले. कुठल्या आकड्यात कुठली माती, ते माझ्या डायरीत. सुभद्राबाईंना माहीत नाही, मनीषाला माहीत नाही. अंकुशला काही माहीत होतं, म्हणून त्याला ग्लासांजवळ फिरकायची बंदी घातली. आठ ग्लास सासूचे, दोन सुनेचे. प्रत्येकात रात्रभर भिजवलेले दहा-दहा दाणे.

ढाकणे साहेबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते फाइलमध्ये बघत होते.

"मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. मी दारापर्यंत गेल्यावर पुढं म्हणाले, "ग्लासांना तळाशी भोकं पाडलीत का? पाणी साचलं तर सगळंच पिवळं पडेल आणि तुम्ही औषधाला दोष द्याल."

मी पाडली नव्हती. फोन लावला आणि सुभद्राबाईंकडून दाभणानं पाडून घेतली.

ते नऊ दिवस कसे गेले विचारू नका. दसरा झाला, घट उठले, लोकांनी टोपीत धान्याचे तुरे खोवले. अंकुशच्या घरच्या घटातून तुऱ्यासाठी हरभराच निघाला. पेरणीच्या तिफणी वस्तीवर इकडंतिकडं चालू झाल्या. अंकुशचा रोज फोन. "मॅडम, हस्ताच्या पावसाची ओल हाय तवर पेरलं पायजे. वरची माती भुरकी पडायलीय." मी म्हणायचे, थांबा. फोन ठेवला की मीच दिवस मोजायचे. ग्लासांचं काही कळलंच नाही आणि ओलही गेली, तर या घराचं मी दुहेरी नुकसान केलं असतं. आणि मनीषाचं तर कायमचं. पुढं रानात जे काही उगवणार नाही, त्याचं नाव तिच्याच हातावर लागलं असतं.

चौथ्या दिवशी सगळ्या ग्लासांत ज्वारी उगवली. सगळ्या. सुभद्राबाईंनी स्वतः फोन केला. "सगळीच उगवली की गं. तुझं इख कुठं गेलं?" मी म्हणाले, "मावशी, दाण्यातली शिदोरी संपू द्या." हे बरोबर आहे हे मला माहीत होतं, पण सांगताना आवाज काही तसा निघाला नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ग्लास ओसरीवर ओळीनं मांडलेले होते आणि तिघंही त्यांच्याभोवती उभे होते. मला लांबूनच दिसलं. सहा ग्लासांत ज्वारी टवटवीत, बोटाएवढी. दोनांत जेमतेम, फिकट. दोनांत मेल्यात जमा.

मी डायरी काढली. "मावशी, आधी तुम्ही सांगा. सगळ्यांत वाईट कुठले?"

"तीन आन सात."

"तीन कुणी पेरला?"

"म्या."

"सात?"

"हिनं."

"दोन्ही लिंबाखालच्या मातीचे." मी डायरीचं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांना वाचता येत होतं, त्यांनी बोट ठेवून वाचलं. "आता मनीषाचा दुसरा ग्लास बघा. दहा नंबर. शेजारची माती."

दहा नंबरमध्ये दहापैकी दहा रोपं होती. सरळ, एकसारखी. सगळ्या ग्लासांत ती सगळ्यांत चांगली दिसत होती. आता ते मनीषाच्या मुठीमुळं की योगायोगानं, हे मी सांगू शकत नाही. एका ग्लासावरून काही सिद्ध होत नाही, हे मी नुकतंच शिकले होते.

सुभद्राबाई दहा नंबरकडं बघतच नव्हत्या. त्या तीन नंबर हातात घेऊन बसल्या. जांभळट पडलेली सुरळी त्यांनी बोटानं हलवली. ती मोडून पडली.

"म्हंजी माझ्या हातानं बी मेली," त्या हळूच म्हणाल्या.

मी बाकीचे आकडे डायरीत ताडून पाहिले.

मग अंकुशनं विचारलं, "मॅडम, त्ये दोन फिकट हायती त्ये कुठले?"

मी पाहिलं. दोन्ही लिंबाच्या बाजूचे, रानाच्या खालच्या अंगाचे. "तिथं काही वेगळं केलं होतं का?"

अंकुशनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "पयल्या फवाऱ्यानं तण मेलं न्हाई तिथं. पाऊस न्हवता ना. मंग म्या आठ दिसांनी पुन्हा मारलं. आन झाकण जरा वाढवून घेतलं. पंपात उरलं त्ये बी तिथंच मोकळं केलं."

हे जवळपास सगळेच करतात. लेबलवर माप छापलेलं असतं, पण ते बारीक अक्षरात. आणि पंपात औषध ओततात ते बाटलीच्या झाकणानं. तण हटलं नाही की एक झाकण वाढतं. पाऊस नसताना तणही वाढायचं थांबलेलं असतं, म्हणून औषध त्याला लागू पडत नाही. मग माणूस पुन्हा मारतो. म्हणजे ज्या वर्षी औषध मातीत जास्त टिकणार, नेमकं त्याच वर्षी ते दुप्पट पडतं.

मला सगळ्यांत जास्त काळजी विहिरीची वाटली. पंप धुतलेलं पाणी लिंबाखालून उतारानं तिकडंच जात होतं. हे औषध पाण्यात सहज मिसळतं आणि काळ्या मातीतही फार घट्ट धरून राहत नाही. तिथून ते ओढ्यात उतरलं तर पाण्यातल्या शेवाळावर, पाणवनस्पतींवर परिणाम होतो, आणि त्यावर जगणाऱ्या बारक्या जिवांचं खाणं जातं. घरचं पिण्याचं पाणीही त्याच विहिरीचं. मी तिथल्या तिथं पाण्याचा नमुना घेतला. ढाकणे साहेबांनी तो विद्यापीठात पाठवायला कसलीही कुरकुर न करता सही केली. रिपोर्ट दिवाळीनंतर आला आणि त्यात काही सापडलं नाही. तोवर अंकुशच्या घरची माणसं पिण्याचं पाणी गावच्या नळावरून आणत होती.

रानाचं आम्ही तिथंच ठरवलं. खालचा अर्ध्या एकराचा पट्टा हरभऱ्याला. लिंबाखाली काहीच नाही, नुसतं शेणखत टाकून पाणी देत राहायचं, म्हणजे मातीतले जीव जागे होऊन औषध संपवतील. बाकी अडीच एकर ज्वारी. पुढं पंप धुवायचा तो विहिरीपासून लांब, आणि ते पाणी फवारलेल्याच रानावर पसरून टाकायचं, एका जागी ओतायचं नाही. अंकुश मान डोलावत होता. सुभद्राबाई ऐकत होत्या की नाही, मला कळेना. तीन नंबरचा ग्लास अजून त्यांच्या मांडीवर होता.

निघताना मी चप्पल घालत होते. सुभद्राबाई उठल्या, आत गेल्या आणि ज्वारीच्या बियाण्याचं गाठोडं घेऊन आल्या. मनीषा चुलीपुढं राख ओढत होती. त्यांनी गाठोडं तिच्याजवळ ठेवलं.

"उद्या पहाटंच बैल जुपायचेत," त्या म्हणाल्या. "कमरंला बियाची ओटी बांधून तयार ऱ्हा. ओल निघून चाललीय."

"आत्या, मी धरू का चाडं?"

"मंग काय मी धरू? माझ्या हातचं बगितलं न्हाईस का?"

मनीषानं राखेचे हात पदराला पुसले आणि गाठोड्याची गाठ सोडली. मूठभर दाणे हातात घेऊन ती ते नुसतेच बघत राहिली. अंकुश हसायला लागला आणि मग रडतोय की काय असं वाटून मीच दुसरीकडं पाहिलं.

पेरणी दुसऱ्या दिवशी झाली. मी मुद्दाम गेले. मनीषा तिफणीमागं चालत होती, आणि बांधावर वस्तीतल्या चार बाया येऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यात नवरात्रात येऊ नको म्हणून निरोप धाडणाऱ्या घरची बाईही होती. सुभद्राबाई तिला मोठ्यानं सांगत होत्या, "तुमच्यात कवा पेरायचंय त्ये आदी सांगा. आमच्या सुनेला सवड बगावी लागती."

ज्वारी चांगली आली. खालच्या पट्ट्यात हरभरा आला. दोन्हीच्या सीमेवर ज्वारीच्या चार ओळी जरा खुरट्या राहिल्या, कारण तिथं माझा अंदाज दोन-तीन पावलं चुकला होता. तेवढं चालायचं, असं अंकुश म्हणाला. मला ते अजून खुपतं.

ढाकणे साहेबांनी हे सगळं एका पानात लिहून द्यायला सांगितलं. मी सहा पानं लिहिली. त्यांनी पाच काढून टाकली आणि विचारलं, "निष्कर्ष काय?"

मी सांगितलं, ज्या रानात तणनाशक मारलंय तिथं पुढचं पीक घेण्याआधी ग्लासभर मातीत दहा दाणे टाकून बघावेत. नऊ दिवस लागतात. खर्च काही नाही. माती मात्र रानभर फिरून घ्यावी. त्यांनी ते तसंच उतरवलं.

शिबिरात मी आता आणखी एक वाक्य सांगते. माती कुठली हे विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये. शेतकऱ्यांना वाटतं, ही सूचना त्यांच्यासाठी आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.